बोलिंग सराव नोंद: मागच्या रांगेतली, उजव्या कोपऱ्यातली 10 नंबरची पिन (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी)

दहाही फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे दोन बॉलची एक पाळी) पहिल्या बॉलला 9 पिना पडल्या आणि उरलेली एक दर वेळी हुकली, तर गेम 90. तीच एक दर वेळी उचलली (म्हणजे दुसऱ्या बॉलला पाडली) आणि शेवटच्या जादा बॉललाही 9 आल्या, तर 190, कारण उचलली की पुढच्या बॉलच्या पिनाही त्या फ्रेममध्ये मिळवतात. म्हणून सध्या स्ट्राइकचा (पहिल्याच बॉलला दहाही पिना) सराव बंद, फक्त 10 नंबर.

हुक, म्हणजे वळणारा बॉल, इथे नको. फॅमिली सेंटरच्या लेनवर तेल मधे दाट, कडेला विरळ असतं. कोरड्या कडेला रिअॅक्टिव्ह बॉल (हुकसाठीचा, लेनला धरणारा) पकड घेतो आणि पिनेच्या डावीकडून निघून जातो. एरवी नाकं मुरडली जातात तो रॅकवरचा प्लास्टिकचा बॉल या कामाला सरस. अंगठा न घासता सुटतो ना, तेवढं बघायचं. फेकण्याआधी बॉलवरचं तेल पुसायचं.

लेनच्या 39 पट्ट्या उजवीकडून मोजायच्या. पिन साधारण 3 नंबरच्या पट्टीवर. बॉल फाउल लाइनवर (जिच्यापुढे पाऊल न्यायचं नाही ती रेषा) 25 ला टेकवायचा आणि लेनवरच्या खुणांपैकी मधल्या बाणावरून, म्हणजे 20 वरून, सरळ सोडायचा. पोचतो 5 च्या आसपास. नेम 3 वर का नाही? बॉलचा मध्य 1 ते 9 मधे कुठेही आला तरी पिन पडते. 1 च्या पलीकडे गटर, म्हणजे लेनच्या कडेची पन्हळ. तेव्हा 5 हा त्या फटीचा मध्य.

बाण सुमारे 15 फुटांवर, पिना 60 फुटांपलीकडे. त्यामुळे बाणापाशी एका पट्टीची चूक पिनेपाशी चार पट्ट्यांची होते. एक चूक कशीबशी खपते. उजवीकडे दोन गेली की गटर.

अजून बसलेलं नाही ते पाऊल. बॉल डाव्या पायाच्या 6-7 पट्ट्या उजवीकडे टेकतो, म्हणजे पाऊल 31-32 वर थांबायला हवं. चालताना ते उजवीकडे सरकतं, बॉल 23 ला टेकतो आणि नेम अचूक असूनही पिनेच्या डावीकडून जातो. बॉल सुटल्यावर पिनेकडे बघायच्या आधी पायाखालची पट्टी मोजायची. हे जमवणं सगळ्यात अवघड.

दोरीच्या मशीनवरही (जे पिना दोरीने ओढून उभ्या करतं) हीच रेषा चालते. एकट्या पिनेला दोरीने फार फरक पडत नाही. स्ट्राइकचे आकडे मात्र दोन्ही मशीनचे वेगळे लिहावेत.

आणि आधीच्या मुलांसाठी उचललेले बम्पर (गटर अडवणारे कठडे) खाली करून घ्या, नाहीतर गटरकडे गेलेला बॉल त्यांवरून उसळून पिन पाडतो आणि वहीत खोटी टिकमार्क पडते.