क्रीममध्ये रसाचा थेंबही नव्हता

डेझर्ट सेक्शनला लिंबू म्हणजे आधी साल, रस नंतर. बारीक किसणीवर फक्त पिवळा भाग काढायचा, पांढऱ्याला लागलात की कडू झालं, आणि किस लगेच साखरेत बोटांनी चोळायचा. सालीतलं तेल सुटून साखर ओल्या वाळूसारखी होते आणि वास असा येतो की गरम सेक्शनवाले डोकावून जातात. हे काम मी अजून कुणाला देत नाही, माज म्हणा हवं तर.

त्या दिवशी सकाळी ६० लेमन क्रीम पफ द्यायचे होते. क्रीम आदल्या संध्याकाळी नव्या पोराने केलेलं, दीड लिटर दुधाचं, मी स्वतः चमचा उलटा धरून बघितलं होतं, मस्त घट्ट. सकाळी डबा उघडला तर आमटी. पायपिंग बॅगेत भरलं तर नोझलमधून नुसतं गळायला लागलं. फाटलेलं नव्हतं बरं का, पाणी वेगळं नाही, गुठळ्या नाहीत, चव एकदम बरोबर. फक्त पातळ.

मोठे शेफ आले, बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "लिंबाने फाटलं." लिंबाने काय फाटलं? त्यात रसाचा थेंब नव्हता! दुधात रस घातला तर ते फाटणारच, म्हणून तर आम्ही किस गरम दुधात मुरवून गाळतो. पण वीस वर्षांच्या अनुभवापुढे कोण बोलणार.

मी पोराला विचारलं, उकळी आली होती का? तो म्हणाला, "नाही शेफ, घट्ट झाल्या झाल्या उतरवलं. तुम्हीच म्हणालात ना, बुडबुडा दिसला की अंडं गेलं."

म्हणाले होते मी. आदल्याच दिवशी, तेही ओरडून. पण ते लेमन कर्डबद्दल. कर्डमध्ये रस, साखर, बलक, बटर, स्टार्च अजिबात नाही, ते ७५-७७ डिग्रीला दाट होतं आणि त्याच्या फार पुढे गेलं की अंड्याची भुर्जी. पेस्ट्री क्रीमचं, म्हणजे पफमध्ये भरतो त्या क्रीमचं, बरोबर उलटं. त्यात कॉर्नफ्लोअर असतं, ते अंड्याला सांभाळून घेतं, त्यामुळे उकळलं तरी चालतं, उलट उकळावंच लागतं. कारण बलकात अमायलेज म्हणून एन्झाइम असतं जे स्टार्च तोडतं, खालून घोटत मिनिटभर नीट उकळलं की ते निकामी होतं, नाहीतर फ्रिजमध्ये बसून रात्रभर सगळा घट्टपणा खातं. हे मला पाठ आहे. त्याला सांगितलं मात्र अर्धंच, आणि चमच्याने बघून पास पण मीच केलं, चमच्याला उकळी थोडीच कळते.

नवीन क्रीम केलं, पसरट ट्रेमध्ये बर्फावर गार केलं, पफ पाऊण तास उशिरा गेले. मॅनेजरने पोराला झापलं, मी शेजारी उभी राहून ट्रे पुसत होते.

दुपारी तो वही घेऊन आला. "शेफ, लेमन पायच्या फिलिंगमध्ये तर कॉर्नफ्लोअर पण आहे आणि रस पण, मग उकळायचं की नाही?" स्टार्च आणि बलक उकळून घ्यायचं, रस गॅस बंद केल्यावर, कारण आंबटात जास्त शिजवलं तरी स्टार्च पातळ पडतं. त्याने लिहून घेतलं. सकाळचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.