काळजावरचा पांढरा थर

डिसेंबर २००१. इंदूरजवळच्या एका गावात मी गुरांचा डॉक्टर होतो. सकाळीच वनखात्याचा चौकीदार गोणपाटात गुंडाळलेलं गिधाड घेऊन आला. "डॉक्टर साब, तीन दिन से गर्दन लटकाए बैठा था, आज गिर गया." पांढऱ्या पाठीचं. टेबलावर मावेना, पंख दोन्हीकडे लोंबत राहिले.

वाटलं, कुणीतरी विष घातलं असेल. पोट फाडलं आणि हात थांबला. काळजावर, हृदयाच्या पिशवीवर, आतड्यांवर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर! कोंबड्यांत हे पाहिलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी झाली की युरिक आम्ल रक्तात साठतं आणि अवयवांवर असं बसतं. आम्ही गाऊट म्हणतो. पण सडलेलं ढोर पचवणाऱ्या पक्ष्याची मूत्रपिंडं कशानं जावीत? अहवालात 'कारण अज्ञात' लिहिलं, हात धुतले आणि पोहे खाल्ले. (इंदूरच्या माणसाचे पोहे असे सुटत नाहीत.) दुपारी एका लंगड्या बैलाला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलं. स्वस्त, आणि लगेच गुण येणारं. शेतकरी खूश, मीही खूश.

२००४ मध्ये अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा पाकिस्तानातल्या गिधाडांवरचा अभ्यास आला. थर तोच होता. कारण: डायक्लोफिनॅक टोचलेल्या ढोराचं मांस. मी तो कागद तीनदा वाचला.

गावात बदल आधी नाकाला कळला. पूर्वी ढोर टाकलं की तासाभरात सांगाडा उरायचा. आता आठवडाभर वास. मग कुत्री वाढली, टोळ्यांनी हिंडणारी. माळावरची टिटवीची अंडी राहीनात. तोंडाला फेस आलेल्या म्हशी माझ्याकडे येऊ लागल्या, रेबीज, आणि त्यांना काय देणार! गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला. आकडा मोठा वाटतो, पण त्या म्हशी पाहिलेल्या माणसाला खोटा वाटत नाही.

२००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आणि त्यानंतरही घसरण चालूच होती: १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तूट भरणार कशी? मेडिकलवर माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या मिळतच होत्या, गुरांनाही त्याच टोचायचे; त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. गिधाडांना न मारणारं दुसरं वेदनाशामक, मेलॉक्सिकॅम, तेव्हाही होतं. महाग म्हणून नको असायचं, आणि मीही फारसा आग्रह धरला नाही.

निवृत्तीनंतर जुन्या डायऱ्या काढल्या. हजार मेलेल्या ढोरांत सात-आठांच्या अंगात ते औषध असलं, तरी गिधाडांचा एवढा ऱ्हास व्हायला पुरे, असं गणित वाचलं होतं. म्हणून टोचल्यावर दोन-तीन दिवसांत मेलेली माझीच ढोरं मोजायला बसलो. अकरा भरली. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता." बाराव्या नोंदीत थनैला (कासेची सूज) झालेली एक गाय होती, नोव्हेंबर २००१ ची. पुढे माझ्याच अक्षरात: 'रात्री मृत. नाल्यापलीकडे टाकली.'