हिरव्या पोपटाला गुन्हा, करड्याला फॉर्म

हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवला तर तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आफ्रिकेतला करडा पोपट, म्हणजे आफ्रिकन ग्रे, घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर फॉर्म भरून त्याची नोंदणी करता येते. ही दोन वाक्यं आमच्या ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत बोलून बघा, काहींना पहिलं खोटं वाटेल, काहींना दुसरं, पण दोन्ही खरी आहेत आणि मला यावर बरेच दिवस लिहायचं होतं.

कळव्याला माझी मावशी राहते. तिच्याकडे राघू आहे, फार जुना, घरातली नातवंडं त्याच्यासमोर मोठी झाली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरू, मिरची, सगळं वेळच्या वेळी. तिला कोणी कधी सांगितलंच नाही की हे बेकायदेशीर आहे, आणि सांगणार तरी कोण, तिच्या लहानपणी चाळीत दर दोन घरं सोडून एक पिंजरा टांगलेला असायचा. आणि आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये एका घरी सन कोन्युअर आहे, पिवळा-केशरी, बघत राहावं असा, दक्षिण अमेरिकेतला पोपट. त्याच्या जोडीला निळा रिंगनेक. त्या घरातली मुलं दोघांना खांद्यावर घेऊन लिफ्टमधून खाली येतात, सगळे फोटो काढतात. मावशी मात्र हल्ली कोणी नवीन माणूस आलं की पिंजरा आतल्या खोलीत नेते, कारण तिच्या शेजारणीला कोणीतरी व्हॉट्सॲपवर कायद्याचा मेसेज पाठवला.

आता यामागचं कारण काय ते नीट सांगते, कारण ते वाटतं तितकं मूर्खपणाचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या जंगलातल्या प्राण्या-पक्ष्यांसाठी केलेला आहे. पोपट आधी त्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या जातींच्या यादीत होता, २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी तर १९९०-९१ पासूनच आहे. आणि ही बंदी हवीच, यावर माझं मत अजिबात डळमळीत नाही, कारण बाजारात येणारा हिरवा पोपट म्हणजे बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीतून काढलेलं पिल्लू असतं. वर्षाच्या सुरुवातीला वीण असते, पकडणारे झाडं हेरून ठेवतात, पिल्लांना पिसं फुटायच्या आत काढतात, कधीकधी ढोली फोडून काढतात म्हणजे पुढच्या वर्षी त्या झाडावर घरटंही नाही. मग खोक्यात दाटीवाटीने भरून प्रवास, त्यात किती मरतात ते कोणी मोजत नाही. पहाडी पोपट आणि तुईया या आपल्याकडच्या दुसऱ्या पोपटांचंही तेच होतं. येऊरच्या जंगलाच्या बाजूला सकाळी थव्याने ओरडत जाणारे पोपट ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

पण परदेशी पक्षी या कायद्याच्या नजरेतच नव्हता. तो आयातीचा विषय, कस्टमचा विषय, म्हणजे विमानतळावर पकडला गेला तर गेला, एकदा का बाहेर आला की कोणी विचारणारं नाही. जगभरातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा सायटिस नावाचा करार आहे, भारत त्यात १९७६ ला सामील झाला, पण त्या कराराच्या याद्या आपल्या वन्यजीव कायद्यात आल्या थेट २०२२ च्या दुरुस्तीत, नव्या चौथ्या अनुसूचीच्या रूपाने. मधली जवळजवळ सेहेचाळीस वर्षं! या काळात इग्वाना आले, बॉल पायथन आले, मकाव आले, ब्रीडर तयार झाले, यूट्यूब चॅनेल झाले, एक अख्खा धंदा उभा राहिला.

मग सरकारने काय केलं, तर २०२० च्या जूनमध्ये एक योजना आणली, की बाबांनो तुमच्याकडे जे परदेशी प्राणी आहेत ते स्वतःहून जाहीर करा, ठरलेल्या मुदतीत केलंत तर कागदपत्रं विचारणार नाही. नंतर २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले, त्यातही सहा महिन्यांची मुदत. म्हणजे चोरून आणलेला असू शकेल असा पक्षी ठेवणाऱ्याला पुढे यायची वाट मिळाली, आणि माझ्या मावशीसारख्या बाईला, जिने भीतीने कधी विषयही काढला नसता, तिला नाही मिळाली, कारण २०२० ची योजना फक्त परदेशी प्राण्यांसाठी होती. हे मला खरंच टोचतं.

गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगते, आणखी खोलात गेलं की डोकं गरगरतं. कुठली जात किती धोक्यात आहे हे ठरवणारी आययूसीएन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या लाल यादीत हिरवा पोपट धोका नसलेल्या गटात आहे. आफ्रिकन ग्रे आणि सन कोन्युअर दोन्ही संकटग्रस्त गटात. आफ्रिकन ग्रेच्या जंगली पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत टाकून बंद केला, इतकी त्यांची लूट झाली. आणि उलट, सायटिसच्या याद्यांत जगातले जवळपास सगळे पोपट आहेत, मोजके वगळले आहेत, त्यात बजी, कॉकटील, एक लव्हबर्ड, आणि आपला हिरवा पोपट! म्हणजे लंडनमध्ये आपला पोपट पाळता येतो, तिथल्या बागांत तर तो सुटून थव्याने राहतो, आणि इथे त्याच्या स्वतःच्या गावात गुन्हा.

लव्हबर्डचं तर बघाच. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यादीतून वगळलेला, त्याला नोंदणी नको. फिशर जातीचा लव्हबर्ड यादीत, त्याला नोंदणी हवी. दुकानात दोन्ही शेजारशेजारच्या पिंजऱ्यात, कधी एकाच पिंजऱ्यात, आणि पाटी एकच, लव्हबर्ड जोडी. वाशीला नाहीतर नेरूळला मुलांच्या हट्टासाठी जोडी घेऊन जाणाऱ्या आईबाबांनी हे कसं ओळखायचं?

आणि तो निळा रिंगनेक. निळा, पिवळा, पांढरा, राखाडी, हे सगळे आपल्या हिरव्या पोपटाचेच रंगबदल आहेत, जात एकच. कायद्याच्या यादीत जातीचं नाव आहे, रंगाचं नाही, आणि भारतीय वन्य जात पिंजऱ्यात जन्मली म्हणून सुटत नाही. तरी निळा पोपट परदेशी म्हणून सर्रास विकला जातो, घेणाऱ्याला वाटतं आपण नियमात आहोत, विकणारा सांगतो हा ब्रीड केलेला आहे टेन्शन नको. उद्या कारवाई झाली तर अडकणार घेणारा. या एका मुद्द्यावर वनखात्याने स्पष्ट पत्रक काढलं, मराठीत, दुकानांच्या दारावर लावायला, तरी खूप फरक पडेल.

कासवांबद्दल थोडक्यात. स्टार कासव वास्तूसाठी म्हणून काही लोक घरात ठेवतात, ते पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षं कैद, जामीनही सोपा नाही. आणि कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं अमेरिकन कासव मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ते मोठं झालं की टाकी पुरत नाही आणि लोक तलावात सोडतात. जगातल्या सगळ्यात घातक १०० घुसखोर जातींच्या यादीत ते आहे. आपलं ठाणं तलावांचं शहर, इथल्या तलावांत आपली स्वतःची कासवं आहेत, त्यांच्या वाट्याचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा हे बाहेरचे घेतात.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर या सगळ्यात पक्षी कसा आहे हे कोणी विचारतच नाही. जात कुठली, देश कुठला, कागद आहे का, एवढंच. पिंजऱ्यात पंख पूर्ण पसरता येतात का, एकटाच आहे का, फक्त सूर्यफुलाच्या बियांवर जगतोय का (त्याने यकृताला चरबी धरते, पक्ष्यांच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा), कंटाळून स्वतःची पिसं उपटतोय का, याचा हिशोब कुठे आहे? तो आहे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, त्यात लहान पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा लिहिलेला आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. स्टेशनवर दोन वडापाव खाल्ले की संपले. २०१५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने एका आदेशात म्हटलं होतं की पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, त्यांना पिंजऱ्यात ठेवू नये. त्यात देशी-परदेशी असा भेद नव्हता. मला कायदा तिथून सुरू झालेला हवाय.

माझं म्हणणं असं की परदेशी पोपटांची नवी खरेदी-विक्रीसुद्धा बंदच व्हावी, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते शेवटपर्यंत नीट सांभाळावेत, आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो, तेव्हा कोण सांभाळणार हेही लिहून घ्यावं. आणि हिरवा पोपट घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना एक मुदत द्यावी, गुन्हा न नोंदवता पक्षी सोपवायची किंवा डॉक्टरने तपासून तो सोडण्यालायक नसेल तर देखरेखीखाली तिथेच ठेवायची. बंदी तशीच ठेवून हे करता येतं. परदेशीवाल्यांसाठी केलं तेव्हा कोणाचं आभाळ कोसळलं नाही.

तोपर्यंत ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी कृपा करून तो गॅलरीतून सोडून देऊ नका. मी असे दोन-तीन प्रकार ऐकलेत, मेसेज वाचून घाबरून दार उघडलं. माणसांत वाढलेल्या पोपटाला खाणं शोधता येत नाही, घारीला घाबरायचं असतं हे माहीत नसतं, पंख छाटलेले असतील तर नवीन पिसं येईपर्यंत त्याला उडताही येत नाही, तासाभरात कावळे त्याला फाडतात. वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनला १९२६ वर फोन करा, नाहीतर आधी एखाद्या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेशी बोला, त्यांना हे रोजचं आहे. मावशीसाठी मी तेच करणार आहे, तिला तयार करायला वेळ लागेल हे मला माहीत आहे, म्हणून आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडून राघूची तपासणी करून घेतेय. आणि बाजारात किंवा सिग्नलला खोक्यातली पिल्लं दिसली तर दया येऊन विकत घेऊ नका, तुम्ही एक घेतलं की तो पुढच्या आठवड्यात दोन आणतो. जागा नीट लक्षात ठेवा, लांबून फोटो काढा आणि त्याच नंबरवर कळवा.