मुंग्या, ऊब आणि कृपा

मंगळवार

जोरजोराने श्वास घेत राहिलं की थोड्याच वेळात बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, डोकं हलकं होतं. शरीराला लागतो त्यापेक्षा जास्त श्वासोच्छ्वास झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्ताचा अल्कधर्म थोडा वाढतो, मज्जातंतू चटकन उत्तेजित होतात आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. कपालभाती किंवा भस्रिका घाईघाईने केली तर हे व्हायचंच. अशा वेळी थांबावं, टेकून बसावं, नाकाने सावकाश श्वास घ्यावा. काही मिनिटांत उतरतं. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर या दोन क्रिया करूच नयेत.

एखाद्या योगवर्गात या मुंग्यांना 'प्राणशक्ती जागी झाली' असं म्हणतात. तास-दीड तास मोठ्याने स्तुतिगान चाललेल्या प्रार्थनासभेत कधीकधी याच मुंग्यांना 'पवित्र आत्म्याचा स्पर्श' म्हणतात. दोन्हीकडची चूक एकच आहे, आणि ख्रिस्ती माणसाने दुसरी चूक पहिलीइतकीच गंभीर मानायला हवी.

कॅथलिक चर्चच्या रोममधल्या धर्मसिद्धान्त मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानाबद्दल जगभरच्या बिशपांना पत्र पाठवलं. सही कार्डिनल रॅट्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. त्या पत्राने योग आणि झेन (बौद्ध ध्यानपद्धती) यांना सरसकट हद्दपार केलं, असं बरेच जण समजतात. तसं त्यात नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचं मूळ रूप झाकोळत नसेल तर या पद्धतींमधलं उपयोगी ते घेता येईल, असं ते म्हणतं. खरी ताकीद २८ व्या परिच्छेदात आहे. काही शारीरिक क्रियांनी आपोआप शांत वाटतं, कधी प्रकाश दिसल्याचा, ऊब आल्याचा भास होतो. याला पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही पूर्ण चुकीची वाट आहे, आणि आचरण तसं नसताना त्या अनुभवांना गूढ अवस्थेचं मोल दिलं तर मनाचं संतुलनही ढळू शकतं. हा एक परिच्छेद धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सूचनाफलकावर लावावा असं फार वाटतं.

बुधवार

'श्वासावर लक्ष ठेवणं हे आपलं नाही' असं म्हणणाऱ्यांना आपलाच वारसा ठाऊक नसतो, आणि याचं वाईट वाटतं. चौदाव्या शतकात पूर्वेकडच्या चर्चमध्ये सिनाईच्या ग्रेगरी यांनी साधूंना वीतभर उंच आसनावर बसून, मान झुकवून, श्वास आवरून येशूचं नाव घ्यायला शिकवलं. या नामस्मरणात आजही बरेच जण श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा' आणि सोडताना 'माझ्यावर दया कर' असं म्हणतात. या साधूंची 'यांचा आत्मा बेंबीत असतो' अशी टिंगल झाली. त्याच परंपरेतले ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी त्यांचं म्हणणं उचलून धरलं. पण धोकाही त्याच परंपरेने ओळखला होता. १९ व्या शतकातले रशियन बिशप थिओफान यांनी या साधूंची जुनी वचनं रशियनमध्ये आणताना श्वासाच्या आणि बसण्याच्या काही सूचना गाळल्या. जवळ मार्गदर्शक नसेल तर माणूस छातीतल्या उबेलाच देवाची भेट समजून बसतो, ही त्यांची काळजी होती.

पश्चिमेकडे येशूसंघाचे (जेजुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांनी प्रार्थनेच्या तीन रीती सांगितल्या, त्यांतली तिसरी तर अगदी सोपी आहे. एका श्वासाला प्रार्थनेतला एकच शब्द मनात म्हणायचा. 'आमच्या', मग पुढच्या श्वासाला 'स्वर्गातील', मग 'पित्या'. दोन श्वासांमधल्या वेळात त्या शब्दाचा अर्थ पाहायचा, किंवा ज्याला हाक मारली त्याच्याकडे, किंवा आपल्या क्षुद्रतेकडे, किंवा त्याच्यातल्या आणि आपल्यातल्या अंतराकडे. ही रीत बिघडते ती एकाच ठिकाणी: लोक शब्दासाठी श्वास लांबवू लागतात, मग कोंडू लागतात. इथे पूरक-कुंभकाचं, म्हणजे श्वास घेण्याचं आणि रोखण्याचं, माप नाही. श्वास जसा चालतो तसा चालू द्यायचा, शब्द त्यावर ठेवायचा. धाप लागली किंवा डोकं जड झालं तर रीत चुकली, एवढं ओळखावं आणि साधी तोंडी प्रार्थना म्हणावी.

आपल्याकडे लोणावळ्याचं उदाहरण फार बोलकं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसन-प्राणायाम क्ष-किरणांखाली, मोजमापांच्या कसोटीवर तपासले. शरीराचं ते शरीराच्या भाषेत मांडलं. त्याच गावाशी येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांच्या साधना संस्थेचं नाव जोडलेलं आहे. १९९८ मध्ये रोमने एक निवेदन काढून त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला. पण सुरुवातीच्या लेखनात पूर्वेकडचा प्रभाव असूनही ते ख्रिस्ती साधनेच्या चौकटीतच होते, हेही त्याच निवेदनात आहे. आक्षेप देव आणि ख्रिस्त यांच्याविषयीच्या पुढच्या विधानांना होता. ते निवेदन वाचताना हा फरक सोडून देणं अन्यायाचं आहे.

गुरुवार

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचं थोडक्यात. बहुतेक वर्गांत शिकवतात तो २४ हालचालींचा संच १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा समितीने लोकांच्या आरोग्यासाठी बसवला. पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर मोठा चेंडू धरल्यासारखे ठेवून उभं राहिलं की काही मिनिटांत मांड्या थरथरतात. तो स्नायूंचा थकवा आहे. गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे गेला किंवा आत झुकला तर दुखणं मागे लागतं. तोल सुधारायला वयस्कर माणसांनी हे जरूर करावं. शिक्षकाने 'ची' (प्राणशक्तीसाठीचा चिनी शब्द) उच्चारला म्हणून पळू नये. मात्र ती 'ची' वाढवून दुसऱ्याला देण्याचा वर्ग पुढे असेल तर तिथे थांबावं.

कारण रेकीत नेमकं तेच आहे. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेली ही पद्धत हवायो ताकाता यांच्यामार्फत हवाईत आणि तिथून पुढे अमेरिकेत गेली. तीत हालचाल नाहीच. पहिली पायरी, दुसरी पायरी, मग मास्टर. प्रत्येक वेळी गुरूकडून दीक्षा, दुसऱ्या पायरीला चिन्हं. तळहातांतून वैश्विक ऊर्जा वाहते, आणि दीक्षा घेतलेल्याला ती वाहवता येते, हा मूळ दावा. तो वजा केला तर मागे उरतो एक प्रेमळ स्पर्श आणि तासभर निवांत पडून राहणं. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी २५ मार्च २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही बाजूंनी तपासणी केली: विज्ञानाचा आधार नाही, ख्रिस्ती श्रद्धेशी मेळ नाही, म्हणून कॅथलिक रुग्णालयांनी आणि साधनागृहांनी रेकीला पाठबळ देऊ नये.

'आम्हीही आजाऱ्यावर हात ठेवतोच की,' हा युक्तिवाद नेहमी येतो. हात ठेवून ख्रिस्ती माणूस मागतो. देणं न देणं प्रभूच्या हाती. प्रशिक्षणाने ते आपल्या हाती येत नाही आणि त्याची पायरीपायरीने फी नसते.

शनिवार

शाळेतल्या सूर्यनमस्कारांबद्दल वसईपासून अहिल्यानगरपर्यंतचे पालक विचारतात. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ते व्यायाम म्हणून घराघरांत पोचवले, ही आपलीच गोष्ट. शरीराच्या बाजूने सांभाळायचं ते इतकं: पुढे वाकताना कंबर गोल करण्यापेक्षा गुडघे थोडे वाकलेले चालतात, भुजंगासनात खांदे कानांकडे चढले की सगळा ताण कमरेवर येतो.

अडतं ते 'ॐ मित्राय नमः'पासून सुरू होणाऱ्या सूर्याच्या बारा नावांपाशी. साष्टांगाची ठेवण स्वतः परकी नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) धर्मगुरू वेदीसमोर पालथे पडतात. कोणापुढे, हा प्रश्न आहे. म्हणून मुलाने आकडे मोजत घालावेत, नावं उच्चारू नयेत, आणि पालकांनी हे वर्गशिक्षकांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावं. आयत्या वेळी मुलाला एकट्याने नकार द्यायला लावू नये.

नव्याने विश्वासात आलेल्या, लहानपणी रोज सूर्याला अर्घ्य दिलेल्या माणसाचं मात्र वेगळं. त्याच्या मनात आकडे मोजतानाही ती नावंच उमटतात. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं ते इथे जसंच्या तसं लागू आहे: माझं ज्ञान पक्कं असलं तरी माझ्या मोकळेपणाने दुबळ्या भावाला ठेच लागता कामा नये. असा माणूस घरात असेल तर इतरांनीही सूर्यनमस्कार बाजूला ठेवावेत आणि दंड-बैठका काढाव्यात. खांद्यांना, मांड्यांना त्यातही भरपूर काम मिळतं.