वाढवलेल्या बांगड्या

“फुटलेल्या काय म्हणतेस? वाढवलेल्या म्हण.”

चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये, भर उन्हात, आईने मला झापलं. समोर बायकांच्या पुतळ्यांची रांग. अंगावरचे कपडे नुसत्या काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांचे. लाल, निळे, पिवळे, इतके खेटून बसवलेले की लांबून भरतकाम वाटावं.

हे सगळं नेकचंद सैनींचं. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर वसवायला जी गावं पाडली, तिथलं भंगार सायकलवरून आणायचे. कपबशा, फरशा, बेसिनचे तुकडे. मग ओल्या सिमेंटमध्ये एकेक तुकडा दाबायचा, सिमेंट घट्ट व्हायच्या आत. तेही सरकारी जागेत, गुपचूप, वर्षानुवर्षं! १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

आपल्या गच्चीवरचा चायना मोझॅक तरी दुसरं काय? फुटक्या टाइल्सच की. पण तिथे कोणी बारा तास प्रवास करून बघायला येत नाही.

आईचं लक्ष माहितीत नव्हतंच. तिने एक हिरवा तुकडा नखाने चाचपला. “हा आपल्याकडच्या चुड्यासारखा आहे बघ.” मग जरा वेळाने, “यातल्या काही भांडी घासताना गेल्या असतील. काही मुद्दाम...” वाक्य तिथेच सोडलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, “माझ्या हिरव्या बांगड्यांचं तेव्हा काय केलंत गं तुम्ही?”

मला खरंच आठवेना. तुमच्या घरी काय करतात?