'नायकीण' या एका शब्दापायी गेलेला महिना

या महिन्यात वंशावळीत एकही नवं नाव वाढलं नाही. सगळा महिना एका शब्दामागे गेला, आणि तो सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं.

लालबागच्या जुन्या खोलीतून आणलेल्या ट्रंकेत आत्याला १९३४ सालचा एक कर्जाचा कागद सापडला. मोडीतला. कर्जदार माझी पणजी, आणि धंद्यापुढे लिहिलेलं 'नायकीण'. मी मोठ्याने वाचलं तशी आत्याने कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि म्हणाली, "यात नको शिरूस." पणजीचा विषय निघाला की घरातली मोठी माणसं का उठून जायची, ते मला त्या दिवशी उमगलं. नायकीण म्हणजे गाणारी, कुणी ठेवलेली बाई, हाच अर्थ तिघी-चौघींच्या मनात इतकी वर्षं बसला होता.

माझी मोडी अजून अडखळते. पुढचे दोन शब्द लागत नव्हते म्हणून मी ते सोडून दिले होते. मोडीच्या वर्गातल्या मैत्रिणीने एका दमात वाचले: 'वाइंडिंग खाते'.

तिथे सगळं उलटलं. गिरणीत सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत बायका मोठ्या संख्येने असत, आणि त्यांच्यावरच्या मुकादम बाईला मुंबईत नायकीणच म्हणत. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१ च्या अहवालात हा शब्द याच अर्थाने आहे. अहमदाबादेत तिलाच मुकादमीण म्हणत, असंही तिथे दिलंय. पुरुषांच्या खात्यात जॉबरचं, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाचं, जे वजन, ते बायकांच्या खात्यात हिचं. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला नाही, हे तिच्या शब्दावर चाले. त्यासाठी दस्तुरीही, म्हणजे काम लावून देण्याबद्दलचे पैसे, घेतली जाई. पणजीनेही घेतली असेल. तिला देवी करण्यासाठी मी हे शोधत नाही, ती होती तशी मला हवी आहे.

म्हणून जुन्या कागदातला धंदा वाचताना शब्दकोशावर थांबू नका. खातं कोणतं, गिरणी कुठली, साल काय, ते शेजारी ठेवून वाचा.

आत्याला अहवालातला तो उतारा मराठीत करून सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून पहाटे बायका आजीच्या दारात उभ्या असायच्या. मला वाटायचं पाण्याला आल्यात." हे वाक्य तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवलंय.

पणजीच्या जावेचं काम आता सुरू केलंय. तिच्या रेशनकार्डावर 'घरकाम' आहे. पण ट्रंकेतल्या एका वहीत अकरा गड्यांची नावं आणि पुढे दरमहाचे पैसे आहेत. म्हणजे ती गावाकडून एकटे आलेल्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवत होती. कुटुंबप्रमुख म्हणून कागदावर तिचा दीर आहे. त्याची गिरणीतली नोकरी बदलीची होती, पाळी मिळेल त्या दिवशीच मजुरी. घर कुणाच्या पैशावर उभं होतं, ते वहीतले आकडे महिन्यावार मांडून बघायचंय. अकरापैकी सात नावांपुढे गाव लिहिलंय, सगळी रत्नागिरीकडची.