आजीचं जातं १३६ बीपीएमवर: सातव्या व्हर्जनपर्यंतची नोंद

आजीच्या जात्यावरच्या ओवीच्या ट्रॅकचं सातवं व्हर्जन काल रात्री रेंडर केलं. मास्टरिंग बाकी आहे, शेवटची दीड मिनिटं कच्चीच आहेत. पण ज्या गाठीपाशी तीन महिने अडकलो होतो ती सुटली, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय.

माणदेशातल्या आमच्या घरी आजीचं जातं अजून शाबूत आहे. रोजचं पीठ गिरणीतूनच येतं. जातं बाहेर निघतं ते घरातल्या लग्नाच्या हळदीला, नाहीतर आजीला लहर आली की भरड काढायला. ती खुंट्याला हात लावते आणि ओवी आपोआप सुरू होते. त्या ओवीचा ट्रान्स (एकसलग ठेक्यावरचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) ट्रॅक करायचा, एवढंच काम हाती घेतलं होतं.

पहिलं रेकॉर्डिंग फोनवर केलं आणि पार फसलं. सलग चालणारी घरघर फोनला ‘नॉइज’ वाटली आणि त्याने ती गाळून टाकली. उरला आजीचा एकटा आवाज, मधेमधे गिळलेला. दुसऱ्यांदा मित्राचा रेकॉर्डर नेला, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ११ मिनिटं घेतली. आता घरघर भरपूर होती, पण आवाजात कालवलेली. आवाज वेगळे करणाऱ्या एका एआय मॉडेलला ती फाइल दिली तर त्याने अर्धं जातं ड्रम्समध्ये टाकलं, आणि आजीचे ‘स’ आणि ‘श’ही त्याच्याबरोबर गेले.

मग वाटलं, जातं वेगळं रेकॉर्ड करू. आजीला म्हटलं, “आजी, नुसतंच फिरव ना पाच मिनिटं, गाऊ नकोस.” ती म्हणाली, “रिकामं जातं फिरवत्यात व्हय? दगडावर दगड घासंल.” शेरभर ज्वारी आणली. ती गप्प बसून दळायला लागली आणि चाल बिघडली. फेरी लांबायची, अडखळायची, दोनदा तर हात थांबलाच. शेवटी तीच वैतागली, “असं मुक्यानं दळून हात भरून येत्यात.” कामाचा शीण कमी व्हावा म्हणून ओवी, हे शाळेत वाचलं होतं. हाताला ठेका ओवीच देते हे मात्र वेव्हफॉर्म बघताना कळलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’मध्ये महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात असं लिहून ठेवलंय. क्लिक ट्रॅक (ठेका धरायला कानात वाजणारी टिकटिक) तेव्हापासूनचा आहे म्हणायचं.

आता आकडे. गाण्यासकटच्या रेकॉर्डिंगमधल्या ४० फेऱ्या एकेक करून मोजल्या. सरासरी १.७६ सेकंद. एक फेरी म्हणजे ४ बीटचा (ठोक्यांचा) एक बार धरला तर हा वेग १३६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३६ ठोके, निघतो. खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आलो! ट्रॅकसाठी मी १३८ ठरवून बसलो होतो, आणि आजी कुणी न सांगता दोनच बीपीएम मागे होती. अर्थात ही सरासरी आहे. डाव्या हाताने मूठभर दाणे वैरले की जातं जड होतं आणि फेरी २ सेकंदांवर जाते. दाणे सरत आले की १.६ वर येते. म्हणजे १२० ते १५० असा झोका.

या झोक्यानेच तीन महिने खाल्ले. दुसऱ्या व्हर्जनमध्ये मी रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षराला स्ट्रेच मार्कर (आवाज ताणायची खूण) मारून आवाज ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या समान अंतराच्या रेघांवर, ताणला. सगळं बिनचूक बसलं आणि आजी विहिरीतून बोलतेय असं वाटायला लागलं. तिसऱ्यात उलटं केलं: आवाजाला हात लावायचा नाही, टेम्पो मॅपच (ट्रॅकचा वेग कुठे किती ते) जात्याच्या फेऱ्यांवरून काढायचा. ऐकायला फार गोड लागलं, पण किक (ट्रान्सचा तो ढमढम ठोका) १२० ते १५० अशी डुलत असेल तर त्याच्यावर नाचणार कोण? चौथं व्हर्जन या दोहोंमधली तडजोड होती आणि दोहोंपेक्षा वाईट.

सुटलं ते तबला शिकलेल्या मामेभावामुळे. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “सम कुठेय?” दाखवली. ओळीतला पहिला जोराचा शब्द, जिथे खुंटा अंगाजवळ येतो तिथे पडतो. तो म्हणाला, “मग तेवढीच धर. बाकीचं सोड, ती येईल बरोबर.” पाचव्या व्हर्जनमध्ये सगळे मार्कर उडवले आणि ओळीमागे एकच ठेवला, समेवर. मधली अक्षरं जिथे पडतील तिथे पडू दिली. काही किकच्या किंचित पुढे, बरीचशी मागे. आणि ट्रॅक श्वास घ्यायला लागला. ग्रिडच्या मागे रेंगाळणारा तो ‘गं बाई’ आता मला सगळ्या ट्रॅकमधला सगळ्यात नाचरा भाग वाटतो.

एक अडचण उरली. ओळ बहुतेकदा ४ फेऱ्यांत संपते, पण दम लागला की साडेचार. ट्रान्सला ४, ८, १६ सोडून काही कळत नाही. कापाकापी न करता मी त्या अर्ध्या बारात किकच गप्प केली. ऐकणाऱ्याला तो मुद्दाम घेतलेला ब्रेक वाटतो. तो आजीचा दम आहे हे आपल्यात राहू द्या.

सुराचंही तेच केलं. आजीचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे आहे, काळी एकच्या साधारण ४० सेंट वर (दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट). पिच करेक्शन लावून पाहिलं आणि लाज वाटून काढलं. त्यापेक्षा सिंथ वर चढवले. बेसचा मूळ सूर आता साधारण ७१ हर्ट्झवर आहे, किकची शेपटीही त्याच्याशी जुळवली. बेस नेहमीसारखा किकनंतर तीन सोळांशांचा (पाव बीटच्या तीन ठोक्यांचा), आणि एकाच सुरावर. कॉर्ड घातल्या की ओवी लगेच सिनेमातली वाटायला लागते, त्या सगळ्या काढल्या.

हायहॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) जवळजवळ नाहीच. १८० हर्ट्झच्या खालचं कापून घरघर साइडचेनवर टाकली (किक वाजली की ती आपोआप दबते), तीच शेकरचं काम करते. ढकलताना एक पोत, ओढताना दुसरा, म्हणून प्रत्येक बारात आपोआप झुलते. गेल्या वर्षी जात्याला टाकी लावून (दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून) घेतली होती, त्याने वरचा खरखरीत भाग छान आलाय. गुळगुळीत झालेल्या दगडातून हे निघालं नसतं.

सुरुवातीची दोन मिनिटं किक नाही, ग्रिड नाही, नुसतं जातं, आवाज आणि लांब डिले (प्रतिध्वनी). यावर एकाने ‘मिक्स कसं करायचं?’ विचारलं, म्हणजे ठोकाच नसेल तर डीजेने आधीच्या ट्रॅकला हा कसा जोडायचा. अरे, गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर सुरुवातीचे डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे, उन्हात रेकॉर्ड वाकायच्या म्हणून. डॅटवर बीट जुळवता येत नसे, मग एक ट्रॅक विरत जायचा आणि दुसरा हळूहळू उगवायचा. गोवा ट्रान्सची ती जुनी लांबलचक सुरुवात मला हवीच होती.

सॅम्पल आयते घेण्याचा मोह झाला होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. पण तिथे गाणारीचं नाव असतं, गाव असतं. तिला न विचारता तिच्या भावाच्या ओवीखाली किक टाकायला मन होईना. आजीला निदान विचारता आलं. सगळं ऐकवून विचारलं. तिने एकच ओवी काढायला सांगितली, थोरल्या भावाच्या नावाची, जो आता नाही. “ती तेवढी ऱ्हाऊ दे. बाकी कर काय करायचंय ते.” ती ओवी नेमकी माझ्या ड्रॉपवर, म्हणजे ट्रॅकचा पूर्ण जोर सुरू होतो तिथे, होती. काढली. सहावं व्हर्जन त्या भोकासकटच पडून होतं, सातव्यात तिथे नुसती घरघर १६ बार चालते.

हेडफोन काढून ठेवत ती म्हणाली, “ढमढम बरी हाय. पर एवढ्या येळात दळण किती पडलं?”

दिवाळीत पुन्हा जाणार आहे. या वेळी दोन माइक, एक जात्याच्या बुडाशी, आणि ज्वारी दोन शेर.